नाव छापून आलं नाही

लेख छापून आला की ज्यांच्यामुळे तो लिहिता आला त्यांना अंक नेऊन द्यायचा, हा माझा जुना रिवाज. त्यात थोडा आनंद असतो, थोडी फेड असते आणि थोडा तोराही असतो. त्या दुपारी मानखुर्दच्या वस्तीत आजींच्या दारात उभी राहिले तेव्हा हे सगळं माझ्याजवळ होतं. आजींना वाचता येतं, पण चष्म्याची काडी तुटलेली, म्हणून त्यांनी अंक नातीकडे दिला. ‘माझं नाव कुठाय ते बघ आधी.’ नातीने पानं चाळली, ओळींवरून बोट फिरवत शेवटापर्यंत गेली. नाव नव्हतं. हकीकत आजींचीच होती, जालन्याहून निघालेली, नाक्यावर उभी राहिलेली, तुटलेल्या झोपडीची आणि पुराची; पण ती सगळी दुसऱ्याच एका बाईच्या नावावर लागली होती. ते नाव मी ठेवलेलं. ‘ही कोण बया?’ आजींनी विचारलं. मी सांगितलं, संशोधनात खरी नावं छापत नाहीत, पुढे कुणाला त्रास नको म्हणून. संमतीपत्रात तसं लिहिलं होतं, मी वाचूनही दाखवलं होतं. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘मंग ह्याचा मला काय उपयोग, मॅडम? मी 2002पासनं हितं राहते असं तुम्हीच छापलंय. छापील कागद हाय. आन नाव लावलं दुसरीचं. आता अपिलाला हा कागद मी लावू कसा?’

नातीला हसू आलं. आजींना नाही.

त्यांना मी इथे नुसतं आजी म्हणते आहे, कारण नावाचा तो वाद अजून मिटलेला नाही.

माझा विषय कायदा, कल्याणकारी योजना आणि हक्क. हे सांगितलं की निम्म्या लोकांना मी वकील वाटते आणि उरलेल्यांना सरकारी माणूस. समाजशास्त्र शिकवते म्हटलं की दोन्हीकडची उत्सुकता मावळते. गेली अनेक वर्षं मी एवढंच बघते आहे की विधानभवनात मंजूर झालेला कायदा गोवंडी-मानखुर्दच्या गल्लीत पोहोचेपर्यंत त्याचं काय होतं. पुस्तकात हक्क ही गोष्ट फार देखणी असते, कलम आणि उपकलम लावून उभी. गल्लीत ती फळीवरच्या पिशवीत असते. वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक खोलीत देवाच्या किंवा बाबासाहेबांच्या तसबिरीच्या वरच्या अंगाला एक फळी असते आणि तिच्यावर ही पिशवी. साडीच्या दुकानातली जाड प्लास्टिकची, तिच्या आत दुसरी, त्या दुसरीच्या आत फाईल. आजींची पिशवी उघडली की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि मागून जुन्या कागदाचा दमट, किंचित आंबूस वास. लाईट बिलं वर्षवार लावून ठेवलेली, त्यांना गुंडाळलेलं रबरबँड वितळून कागदालाच चिकटलेलं. शाळा सोडल्याचे दाखले, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, नगरसेवकाचं पत्र, बाळाला डोस दिल्याचं पिवळं कार्ड, महापालिकेच्या दवाखान्यातला खोकल्याचा केसपेपर. हा केसपेपर कशाला ठेवलात, असं मी एकदा विचारलं होतं. ‘त्याच्यावर पत्ता हाय. तारीख हाय,’ असं उत्तर आलं. खोकला बरा झाला, कागद राहिला.

ही पिशवी सांभाळायचं काम बाईचं. साहेबासमोर ती पिशवी घेऊन बसतो बहुतेकदा पुरुष, पण कुठला कागद कुठल्या कप्प्यात आहे हे त्याला ठाऊक नसतं. मग तो फोन करतो आणि घरात भाकरी थापता थापता बाई सांगते, ‘निळ्या प्लास्टिकमध्ये बघा, पोराच्या दाखल्याच्या मागं.’ अर्काइव्ह नावाची गोष्ट मी विद्यापीठात शिकले, तिथे तिला वातानुकूलित खोली आणि पगारी माणूस लागतो. इथे उंदीर, गळती, बुलडोझर आणि दारुडा नवरा या सगळ्यांपासून वाचवत बायका चाळीस-चाळीस वर्षांचे कागद राखून असतात. तोडक कारवाईची गाडी आली की आधी पिशवी, मग सिलेंडर, मग लेकरू, असा क्रम एकीने मला हसत सांगितला होता. लेकरू स्वतःच्या पायांनी चालतं, हा तिचा खुलासा.

हे सगळं कशासाठी, तर तारखेसाठी. महाराष्ट्रात झोपडपट्टीचा कायदा 1971चा. पुढे 1976 साली सरकारी आणि महापालिकेच्या जमिनींवरच्या झोपड्यांची गणना झाली आणि ज्यांची नोंद झाली त्यांना फोटोपास मिळाले. नवरा-बायको आणि पोरं एका ओळीत उभी केलेला तो काळा-पांढरा फोटो असलेला पास मी पुष्कळ घरांत पाहिला आहे. पोरांच्या डोळ्यांत ऊन गेलेलं असतं आणि बाईचा पदर वाऱ्याने सरकलेला. तिथून पुढे या शहरात तारखा पुढे सरकत गेल्या. 1985 आली, मग 1 जानेवारी 1995, मग 1 जानेवारी 2000. त्या तारखेच्या आधीपासून राहणारे लोक पुनर्वसनाच्या घराला पात्र, नंतर आलेले अपात्र. त्यानंतर 2000 ते 2011 अशी मधली एक खिडकी उघडली, तिच्यातून आत येणाऱ्यांना घर मिळतं पण पैसे भरून. 2023 मध्ये ती रक्कम अडीच लाख ठरली. निवडणुका आल्या की वस्तीत चर्चा सुरू होते, ‘तारीख वाढणार म्हणतात.’ तारखा वाढवणाऱ्यांना त्यात दया दिसते, करदात्यांना लाड दिसतो. मला त्यातली क्रूरता वेगळीच वाटते. डिसेंबर 1999 मध्ये आलेला बिगारी आणि फेब्रुवारी 2000 मध्ये आलेला बिगारी एकाच नाक्यावर उभे राहतात, एकाच मुकादमाच्या शिव्या खातात, एकाच टॉवरच्या स्लॅबवर घमेली वाहतात. घराची वेळ आली की एक रहिवासी ठरतो आणि दुसरा अतिक्रमण.

आजी या मधल्या खिडकीतल्या. 1972च्या दुष्काळानंतर नवऱ्याबरोबर आलेल्या. त्याआधी गावाकडे दुष्काळी कामावर खडी फोडलेली. तेव्हा वाटल्या जाणाऱ्या सुकडीची चव त्यांना अजून आठवते आणि अजून आवडत नाही. मुंबईतली पहिली झोपडी रस्तारुंदीत गेली, दुसरी तुटली, मग भाड्याच्या खोल्या, मग 2002 मध्ये इथे. परिशिष्ट-2 लागलं, म्हणजे पात्र-अपात्रांची यादी भिंतीवर चिकटली, तेव्हा त्यांच्या नावापुढे ‘अपात्र’ आलं होतं. कारण, 2011 पूर्वीचा पुरावा नाही. त्याच्यावरच त्यांचं ते अपील.

इथे मला 2005ची 26 जुलै आठवते. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला हे प्रत्येक मुंबईकराला पाठ आहे. मी तेव्हा एम.ए. करत होते आणि पाणी ओसरल्यावर वस्त्यांची पाहणी करायला आम्हा मुलांना पाठवलं होतं. चिखलाचा, डिझेलचा आणि भिजून फुगलेल्या तांदळाचा मिळून जो वास येत होता तो मला आजही नाकात शोधला तर सापडतो. गल्ल्यांमधून दोऱ्या बांधल्या होत्या. मला वाटलं कपडे वाळत घातले असतील. जवळ गेले तर चिमटे लावून कागद टांगले होते. रेशन कार्डं, गुणपत्रिका, पासबुकं. शाई उतरून नावांचे निळे ओघळ झालेले. एका घरात बाई मंद आचेवर तवा ठेवून त्याच्यावर मुलीची दहावीची गुणपत्रिका शेकत होती, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, पापड भाजावा तशी, आणि मुलगी शेजारी बसून म्हणत होती, ‘आई, टक्के जळतील.’ मदतीचा पंचनामा करायला माणसं आली ती कागद विचारत आली. ज्याचं सगळं वाहून गेलं त्याने काय वाहून गेलं याचा कागद दाखवायचा होता.

आजींचं रेशन कार्ड त्या पाण्यात गेलं. नवं मिळायला बरीच वर्षं गेली. जे मिळालं त्यावर तारीख पडली 2012ची. नवा कागद जुन्या माणसाला नवं करतो. मतदार यादी होती, पण यादीत नाव माहेरचं. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं तसं पुष्कळ घरांत पाळण्यातलं नावही बदलतात. तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचा तो हौसेचा प्रसंग. आजींचंही तसंच झालं. गावाकडच्या शाळेत एक नाव, रेशनला दुसरं, यादी करायला आलेल्या माणसाने विचारलं तेव्हा तोंडात आलं ते पहिलं. आता ती एकच बाई आहे हे सिद्ध करायचं तर राजपत्रात नाव छापून आणा, असं सांगितलं गेलं. नात चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाची चौकशी करून आली. आजींचा प्रश्न साधा होता: ‘मीच ती आहे हे मला सोडून सगळ्यांना सांगायचं का?’ महाराष्ट्रात 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं असं ठरलं, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. त्या आईचं कुठलं नाव, हा प्रश्न मात्र मानखुर्दला गेल्यावर पडतो.

कायद्याच्या वर्गात मुंबईच्या झोपड्यांचा विषय निघाला की ओल्गा टेलिस खटला येतोच. 1981च्या पावसाळ्यात अंतुले मुख्यमंत्री असताना पदपथांवरच्या आणि झोपड्यांमधल्या लोकांना हटवायची घोषणा झाली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि जुलै 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितलं की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. जगण्याचं साधन काढून घेतलं तर जगणंच काढून घेतलं. कलम 21चा हा अर्थ विद्यार्थी आवडीने पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत तो अधोरेखित होऊन येतो. निकालाचा शेवट त्यांना सहसा आठवत नाही. पदपथ चालणाऱ्यांसाठी आहेत, नोटीस देऊन महापालिका झोपड्या हटवू शकते, फक्त पावसाळा जाऊ द्या, 31 ऑक्टोबरपर्यंत थांबा. आणि 1976च्या गणनेतलं ओळखपत्र ज्यांच्याजवळ असेल त्यांना पर्यायी जागा द्या. मी हा निकाल वर्गात उलटा शिकवते, शेवटापासून सुरुवातीकडे. मुलं आधी चिडतात. मग एखादी मुलगी, बहुधा अशाच कुठल्यातरी वस्तीतून येणारी, हळूच विचारते, ‘म्हणजे हक्क सगळ्यांना मिळाला आणि जागा फक्त कार्डवाल्यांना?’ मी तिला फळ्यापाशी बोलावते.

उपरोधाने सगळं उडवून लावायची सोय मात्र नाही, कारण त्याच निकालाचं बोट धरून पुढे बरंच काही झालं. डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं की 2000 नंतरच्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही, झोपडी बेकायदा असली तरी तहान बेकायदा ठरत नाही अशा अर्थाने. नळ यायला पुढे आणखी वर्षं गेली, पण एका गल्लीत नळाला पाणी आलं तेव्हा मी तिथे होते आणि एक म्हातारे गृहस्थ हंडा न लावता नुसता हात त्याच्याखाली धरून उभे होते. कायदा असाही येतो. उशिरा येतो, अर्धा येतो, पण त्याच्या धारेखाली हात धरता येतो. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने कशा मानायच्या, हे मला अजून नीट जमत नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. अन्न सुरक्षा कायद्याखाली स्वस्त धान्य मिळायला शहरी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 59,000 रुपयांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. संजय गांधी निराधार योजनेला तर वर्षाला 21,000. बारांनी भागा, 1,750 येतात. मानखुर्दला खोलीचं भाडं देऊन, गॅस भरून, दोन माणसं महिन्याला 1,750 रुपयांत जगवून दाखवणारा अर्थतज्ज्ञ मला भेटायचा आहे. तेव्हा बाई काय करते? घरकामाची तीन घरं असली तर एक सांगते. पोरगा डिलिव्हरीला जातो ते सांगत नाही. देणाऱ्याला माहीत असतं, घेणारीला माहीत असतं, दाखला मिळतो. आणि मग कुठल्यातरी चर्चेत नीटनेटके कपडे घातलेला माणूस म्हणतो की हे लोक खोटे दाखले काढतात. आधी खरं बोलण्याची वाट बंद करायची आणि मग खोटेपणाचा डाग त्यांच्या कपाळी लावायचा, याचा मला संताप येतो, आणि संतापलेल्या माणसाने संशोधन करू नये असं मला शिकवलेलं आहे. 2024 मध्ये लाडकी बहीण आली तेव्हा सेतू केंद्राबाहेर उन्हात उभ्या असलेल्या रांगेत मी तास न् तास उभी होते. तिथे अडीच लाखांची मर्यादा होती. एक बाई शेजारणीला म्हणाली, ‘ह्या वेळी खरं सांगितलं तरी बसतंय की गं!’ आणि दोघी अशा खूश झाल्या की बघत राहावं.

कागदांनंतर अंगठा आला. आधारचं पहिलं कार्ड 2010 मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं. आता कागद नको, माणूस हाच पुरावा, असं तेव्हा ऐकलं होतं. रेशन दुकानात यंत्र आलं. आजींनी आयुष्यभर लोकांची भांडी घासली, आधी राखेने, मग पावडरीने, मग त्या हिरव्या वड्यांनी. बोटांच्या पेरांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. दुकानदार म्हणतो, ‘आजी, अंगठा लागत नाय.’ मग पदराला बोट पुसायचं, केसांच्या तेलाला लावायचं, परत ठेवायचं, दुसरं बोट, तिसरं बोट, मागची रांग कुरकुरते. लागला की सगळी रांग ‘लागला, लागला’ म्हणते. ज्या कामाने हात झिजले त्या कामाची नोंद कुठे असावी म्हणून महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला. तिथे नोंदणीला मालकिणीचं प्रमाणपत्र लागतं आणि मालकीण म्हणते, तू आमच्या घरातलीच आहेस गं, कागद कशाला? घरातली म्हणवून घेतलेल्या बाईकडे, ती घरात होती याचा कागद नसतो.

माझ्या स्वतःच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300, व्यवसाय कर कापलेला असतो. पुष्कळ वर्षं मी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. नंतर कळलं की 1975चा हा कर रोजगार हमीसाठी बसवला गेला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातली ती योजना, दुष्काळात उभी राहिली, कायदा झाला 1977 मध्ये, आणि पुढे तिच्याकडे बघूनच देशभरासाठी 2005चा कायदा आला. शहरातल्या पगारदारांनी गावातल्या हाताला काम द्यायचं, ती देणगी म्हणून नाही तर मागणाऱ्याचा हक्क म्हणून. दुष्काळात खडी फोडणारी आजी गाव सोडून माझ्या शहरात आली आणि इथल्या पगारातून कापलेला पैसा तिच्या मागे राहिलेल्या गावाकडे जात राहिला. तिच्या स्वतःच्या वाट्याला यातलं काय आलं याचा हिशेब मी एकदा मांडायला बसले होते. जमला नाही. गावाचा हक्क गावात ठेवूनच ती एस.टी.त बसली होती, आणि शहराने तिला विचारलं, कधी आलीस?

मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग 1919चा, भारतातला पहिला, आणि तो सुरू केला पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने. अख्खी वस्ती पाडू नका, थोडकी काटछाट करून जुनं राखा, माणसं हलवू नका, असं तो अधिकाऱ्यांना सांगत फिरायचा. पुढे त्याच विभागात अ. र. देसाई आले, ज्यांनी झोपडपट्टीचा अभ्यास केला आणि लोकशाही हक्कांच्या पायमल्लीची कागदपत्रं आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत गोळा केली. कलिन्याला त्या इमारतीच्या जिन्यात बसून आम्ही या मंडळींबद्दल तावातावाने वाद घालायचो. संशोधकाने कुणाच्या बाजूला उभं राहावं, की राहूच नये, वगैरे. वादात कधीही हा प्रश्न निघाला नाही की ज्याच्यावर लिहिलं त्याला तो लेख अर्जाला जोडता येईल का. निघाला असता तर आम्ही हसलो असतो.

आणि तरीही नावं बदलण्याचा नियम मला फालतू वाटत नाही. एका वस्तीत पाण्याच्या चोरट्या लाईनीबद्दल माझ्याशी बोललेल्या बाईच्या घराचं पाणी दुसऱ्या दिवशी बंद झालं होतं. कुणी सांगितलं, कसं कळलं, कधीच समजलं नाही. तिचं नाव कुठेही छापलं नव्हतं, नुसतं मला तिच्या दारात बसलेलं पाहिलं गेलं होतं. त्या अनुभवानंतर मी नावं, गल्ल्या, गावं, मुलांची संख्या, सगळं इकडचं तिकडे करते. नाव लपवणं ही काळजी आहे. आजींच्या बाबतीत ती काळजीच आड आली, कारण त्यांना लपायचं नव्हतं, नोंदवून घ्यायचं होतं. दुसरं असं की तो लेख माझ्या पदोन्नतीच्या फाईलला लागला. अंकाचं मुखपृष्ठ, लेखाचं पहिलं पान, माझ्या नावाखाली पिवळी खूण, स्वतःची सही करून. समितीने तो पाहिला, गुण दिले. त्यांचं आयुष्य माझ्या फाईलमध्ये पुरावा म्हणून चाललं, त्यांच्या फाईलमध्ये चालत नाही. हे वाक्य मी पुष्कळ वेळा मनात फिरवून पाहिलं, कुठल्याही बाजूने ते सुसह्य होत नाही.

मार्ग काढला तो नातीने. ती शेजारपाजारच्यांचे ऑनलाईन अर्ज मोबाईलवर भरून देते, एका अर्जाचे वीस रुपये घेते आणि ओटीपी कुणाला सांगायचा नाही यावर रोज भाषण देते, वस्तीतली बॅरिस्टर. तिने विचारलं, ‘मॅडम, तुम्ही पुराच्या वेळी पण आला होता ना? तेव्हा काय लिहून घेतलं होतं का?’ लिहून घेतलं होतं. आईच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत माझी तेव्हाची डायरी निघाली, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यात घरोघरची नोंद होती: कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं किती, पाणी किती उंच चढलं, काय गेलं. आजींच्या पानावर सासरचं नाव, कंसात माहेरचं, कारण तेव्हा त्यांनी दोन्ही सांगितली असणार आणि मी विद्यार्थिनीच्या उत्साहाने दोन्ही टिपली असणार. खाली ‘रेशन कार्ड, गहू, मुलाचे बूट’. त्या पानाची झेरॉक्स काढली, तिच्यावर सही केली, सोबत माझ्या सध्याच्या हुद्द्यासकट एक पत्र जोडलं की ही नोंद मी 2005 मध्ये समक्ष केली आहे. आजींनी कागद उजेडात धरून, उलटा करून पाहिला. अक्षर चांगलं आहे म्हणाल्या. गोल शिक्का नाही, हेही म्हणाल्या. पुरावा म्हणून जे चालतात त्या कागदांच्या यादीत विद्यार्थिनीची डायरी कुठेही नाही, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. तरी लावला. ‘लावून ठिवायचा. नाही म्हनले तर काय, कागद परत येतो.’ अपिलाची सुनावणी पुढे ढकलली गेली आहे.

नव्या अभ्यासाच्या संमतीपत्रात मी एक ओळ वाढवली: माझं खरं नाव आणि पत्ता छापावा / छापू नये. पहिल्याच गल्लीत बायकांनी ‘छापावा’वर खूण केली, एकीने तर बाजूला खोली नंबर आणि दारावर रंगाने पाडलेला सर्व्हे नंबरही लिहून दिला, आणि घरातल्या पुरुषाचं नाव आधी घातलं तर याद राखा असं बजावलं. एका मुलीने मात्र बराच वेळ विचार करून ‘छापू नये’वर खूण केली आणि कारण विचारू नका म्हणाली. मी विचारलं नाही. हे संमतीपत्र आमच्या संशोधन नैतिकता समितीकडे पाठवलं होतं, ते शेरा मारून परत आलं आहे: प्रतिसादकांची ओळख उघड करण्याची आवश्यकता काय, ते सकारण आणि पुराव्यासह सादर करावे. सादर करायची मुदत सोमवारपर्यंत आहे. नातीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘सोपंय मॅडम. मी यादी करून देते, काय काय जोडायचं त्याची.’ रात्री तिची यादी आली. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स.